डोंगर रिकामा आहे म्हणून जळतो का?

शहराच्या कडेला एखादा डोंगर अजून तसाच उरला असेल ना, तर त्याच्याबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं, की अहो नुसतं वाळलेलं गवत आहे तिथे, उद्या वणवा लागला तर काय, त्यापेक्षा घरं होऊ द्या, रस्ते होतील, पाणी येईल, धोकाच संपेल. मलाही बरीच वर्षं हे पटायचं, खोटं कशाला बोलू.

पण मग आग लावतं कोण? वीज पडून वणवे लागतात हे खरंय, पण अमेरिकेतल्या १९९२ ते २०१२ या काळातल्या वणव्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तर ८४ टक्के माणसांमुळे लागलेले निघाले. पेटवलेला कचरा, वायरींच्या ठिणग्या, तापलेला सायलेन्सर, गवत कापायच्या मशीनचं पातं दगडावर घासणं, असलं सगळं. म्हणजे डोंगरावर रस्ता नेला की काडेपेटी पण सोबत गेलीच म्हणायची.

त्यात उतार. ज्वाळा चढाच्या बाजूला झुकतात, वरचं गवत पेटायच्या आधीच भाजून निघतं, ढोबळ हिशोब असा की चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. आणि आपल्याला घर कुठे हवं असतं? अगदी वर, व्ह्यू पाहिजे ना!

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मला वाटायचं आग भिंतीसारखी चालून येते आणि घर गिळते. पण बऱ्याचदा घर पेटतं ते वाऱ्याने उडत आलेल्या निखाऱ्यांनी, छपराच्या पन्हाळीत साठलेला पाला किंवा भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडं एवढं पुरतं. २०१८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं गाव जळलं, त्या आगीत ८५ माणसं गेली, नंतरचे फोटो बघा, घराची राख झालेली आणि बाजूला झाडं उभी, कितीतरी हिरवीच. ३० डिसेंबर २०२१ ला अमेरिकेतल्याच कोलोरॅडोत ‘मार्शल फायर’ नावाची आग लागली, ती तर गवतातूनच उपनगरात शिरली, ऐन हिवाळ्यात, आणि काही तासांत हजाराहून जास्त घरं गेली. गवत निरुपद्रवी आहे असं मी म्हणतच नाहीये. पण गवत एका जागी मिनिटभरात जळून विझतं, घर तासनतास धगधगत राहतं आणि चिकटून बांधलेल्या शेजारच्या घराला पेटवतं. मग जळाऊ माल नेमका कमी कुठे झाला?

जी घरं आधीच आहेत त्यांनी निदान भिंतीपासून दीड मीटरभर पट्टा तरी साफ ठेवावा, झुडूप नको, लाकडं नकोत, पाला नको. कंटाळवाणं काम आहे, पण उपयोगाचं.

आणि डोंगरावरच्या नवीन वसाहतीचा प्लॅन समोर आला तर मी आता क्लबहाउसचं पान उलटून आधी रस्ते मोजते. पॅराडाइजमधून लोक निघाले तेव्हा रस्ते गाड्यांनी तुंबले होते, काही जण गाडीतच दगावले. आणि प्लॅनमध्ये बघावं तर पाचशे घरं आणि खाली उतरायला वाट एकच, तीही त्याच गवताळ उतारावरून.