सोलापूरच्या पायाखालचा सह्याद्री

सोलापुरातून सह्याद्री दिसत नाही, तरीही त्याचा इतिहास समजून घेण्यासाठी आपल्या पायाखालच्या काळ्या कातळापासूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. आजही हा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला काळा खडक, सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात झिजलेल्या पृष्ठभागाचे लालसर पट्टे घाटरस्त्यांच्या कापलेल्या कड्यांत स्पष्ट दिसतात.

सह्याद्री हा हिमालयासारखा वळ्या पडून उंचावलेला पर्वत नव्हे. भारत आणि आज हिंदी महासागरात असलेली सेशेल्स बेटे एकमेकांपासून अलग होताना पश्चिमेकडचा भाग खचला आणि उरलेल्या पठाराची कडा पावसाने व ओढ्यांनी झिजत पूर्वेकडे सरकत गेली. तीच कडा म्हणजे आजचा सह्याद्री. पठाराचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे, अरबी समुद्र जवळ असूनही भीमाशंकरला उगम पावलेली भीमा त्याच्याकडे पाठ फिरवून पंढरपूरमार्गे आपल्या जिल्ह्यातून वाहते, पुढे कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. या साऱ्या इतिहासात मला सर्वाधिक विलक्षण वाटते ते हेच.

त्याच बेसाल्टाची झीज होऊन आपली काळी माती तयार झाली. ती पावसाळ्यातील ओल दीर्घकाळ धरून ठेवते, म्हणूनच मंगळवेढ्याच्या शिवारात रब्बीची ज्वारी पिकते.