चौदा हजार नऊशे नव्वदचे बक्षीस

औसा तालुक्यातील एका गावाहून आलेल्या मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले तीन कागद माझ्या टेबलावर मांडले, तेव्हा प्रकरण मला किरकोळ वाटले होते. २०२२ च्या दिवाळीत लातूरला येऊन त्यांनी ४,२०० रुपयांचा मिक्सर घेतला. त्यावर मिळालेले स्क्रॅच कार्ड दुकानातच नाण्याने खरवडले, तर खाली ‘वॉटर प्युरिफायर, किंमत रु. १४,९९०’ असे छापलेले निघाले. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराने मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिले, त्याच्या परिसरात पाण्याच्या यंत्राचे बक्षीस लावणाऱ्याने गिऱ्हाईक नीट ओळखलेले होते, एवढे मान्य करावे लागेल.

चार दिवसांनी कंपनीचा फोन आला. बक्षीस दहा हजारांच्या वरचे असल्यामुळे तीस टक्के कर, म्हणजे ४,४९७ रुपये, आणि वाहतूक व जोडणीचे १,४९९ रुपये आधी भरा, असे सांगण्यात आले. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या मावशींनी बचत गटातून उचल घेऊन ५,९९६ रुपये भरले. यंत्र आले, बसले आणि चालूही झाले. पुढे पुण्यात कामाला असलेल्या मुलाने तेच यंत्र मोबाइलवर पाहिले, तेव्हा त्याची किंमत निम्म्याहून कमी दिसली.

“आता मला सांगा साहेब,” मावशी म्हणाल्या, “बक्षीस बी त्याचंच, किंमत बी त्यानंच लावली, अन् टॅक्स तेवढा म्या भरायचा?”

एवढ्या नेमक्या शब्दांत वाद मांडणारा पक्षकार मला वीस वर्षांच्या वकिलीत क्वचितच भेटला आहे. तक्रारीचा मसुदा करताना मी यापलीकडे फारसे काही लिहू शकलो नाही.

कर मागणे मुळात बेकायदेशीर नव्हते. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे दहा हजारांवरच्या बक्षिसावर तीस टक्के कर कापावा लागे आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर ती हातात देण्यापूर्वी कर भरला गेला आहे याची खात्री बक्षीस देणाऱ्याने करायची असे. विजेत्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीही खाली असले, तरी या कमाईला ती सूट मिळत नाही. खोच होती ती हा कर कोणत्या आकड्यावर काढायचा, यात. मी मावशींच्या मुलाला त्यांचा फॉर्म २६एएस, म्हणजे त्यांच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, काढायला सांगितला. त्यात ४,४९७ रुपयांची नोंद नव्हती. असणार तरी कशी? मावशींचा पॅन क्रमांक कंपनीने कधी विचारलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी मी लातूरच्या मुख्य बाजारपेठेत, गंजगोलाईत गेलो. साध्या गिऱ्हाइकासारखी चौकशी केल्यावर दुकानदाराने तेच मॉडेल जोडणीसह ६,८०० रुपयांना देऊ केले, आणि मी काचकूच करतो आहे असे वाटून त्यावर दोन फिल्टर फुकट देण्याची तयारी दाखवली. खोक्यावरची कमाल किरकोळ किंमत मात्र खरोखरच १४,९९० होती. म्हणजे मावशींना लागलेले बक्षीस, सगळा हिशेब करता, ८०४ रुपयांचे होते.

रात्री जाहिरातीचे पत्रक भिंग घेऊन वाचले. वर ठळक मराठीत ‘५१ लाखांची बक्षिसे!’ आणि तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत, अटी. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अटी दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टंकात असाव्या लागतात. त्या अटींत बक्षिसांचा तपशील सापडला: सहा लाखांची एक मोटार आणि ३०० प्युरिफायर. ३०० गुणिले १४,९९० म्हणजे ४४ लाख ९७ हजार, त्यात मोटार मिळवली की जवळपास ५१ लाख. गंजगोलाईच्या भावाने तीच यंत्रे २० लाख ४० हजारांची होतात, आणि ३०० विजेत्यांनी प्रत्येकी ५,९९६ भरले असतील तर त्यातले १७ लाख ९८ हजार ८०० रुपये त्यांच्याच खिशातून आलेले असतात. यंत्र बनवणाऱ्याला स्वतःला ते दुकानापेक्षा स्वस्तच पडते. मावशी धरून त्यांच्या गटातील तिघींनी मिक्सर घेतले होते आणि तिघींनाही प्युरिफायरच लागला होता, हे कळल्यावर ३०० या आकड्यावरही माझा विश्वास उरला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तक्रार ग्राहकाच्या स्वतःच्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावर ग्राहक आयोगाचे शुल्क नसते. तक्रार दाखल झाली. लक्षात राहिला तो दिवस सुनावणीचा.

कंपनीतर्फे मुंबईहून आलेल्या तरुण वकिलांनी दोन मुद्दे घेतले. बक्षीस फुकट असल्यामुळे तक्रारदार ग्राहकच ठरत नाही, हा पहिला. तो मिक्सरच्या बिलापुढे टिकणारा नव्हता. दुसरा मुद्दा वजनदार होता. छापील किंमत कायद्याने छापावीच लागते, ती आम्ही खरी छापली आणि पत्रकात तीच सांगितली, मग यात खोटे काय? मी उत्तर दिले की छापील किंमत ही विक्रीची कमाल मर्यादा आहे. याहून जास्त घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ. तो आकडा बनवणारा स्वतः ठरवतो, त्यामुळे तो वस्तूचे मोल सिद्ध करीत नाही. बोलताना मलाच जाणवत होते की युक्तिवाद बरोबर आहे, पण कोरडा आहे.

आयोगाच्या सदस्या मॅडम इतका वेळ खोक्याचा फोटो पाहत होत्या. त्यांनी मान वर करून विचारले, “हे यंत्र तुम्ही आजवर कोणाला १४,९९० रुपयांना विकले आहे का? एक बिल दाखवा.”

वकिलांनी फाईल उघडली, मिटली, मागे बसलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीकडे पाहिले. त्याने मोबाइलवर काहीतरी शोधल्यासारखे केले. शेवटी त्यांनी पुढची तारीख मागितली. बिल, कर भरल्याचे चलन आणि मोटारीच्या विजेत्याच्या नावासह योजनेचा अंतिम निकाल, तिन्ही दाखल करावेत, असे रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, आले. योजना संपल्यावर निकाल दडवून ठेवणे हीसुद्धा याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण त्या तिसऱ्या कागदाची मागणी तक्रारीत शेवटी घालताना मला तिच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती.

पुढच्या तारखेला एकही कागद आला नाही; आला तो तडजोडीचा प्रस्ताव. ५,९९६ रुपये परत, खर्चाचे ३,००० रुपये, आणि यंत्र मावशींकडेच. तडजोड झाली तर निकाल लागणार नाही, मोटार कोणाला गेली हे कळणार नाही आणि गटातल्या दुसऱ्या दोघींना काही मिळणार नाही, हे मी मावशींना जिन्यात उभे राहून समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि गटाचा हप्ता सोमवारी आहे, असे सांगितले. मी सही घेतली. त्या दोघींना मी तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असल्याचा निरोप पाठवला. त्यातली एकच आली.

पुढच्या दिवाळीत कंपनीचे नवे पत्रक माझ्याच वर्तमानपत्रातून घरी पडले. ‘किंमत’ या शब्दाच्या जागी ‘मूल्य रु. १४,९९० पर्यंत’ असे झाले होते आणि अटी मराठीत आल्या होत्या, अक्षर तेवढेच बारीक.

मावशी अधूनमधून फोन करतात. यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत धरून त्या भांड्यांना वापरतात. खोक्यावरचा किमतीचा कागद त्यांनी सोलून यंत्रावर चिकटवला आहे, आणि शेजारणीने विचारले की चौदा हजार नऊशे नव्वदच सांगतात.