ड्रायव्हरचा मुलगा

आज भुसावळला घरी आहे. दुपारी भरीत-कळण्याची भाकर झाली आणि आबांसोबत जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा १९६३ चा 'हाय अँड लो' हा सिनेमा लावला. बुटांच्या कंपनीतल्या बड्या माणसाचा मुलगा पळवायचा असतो, चुकून उचलतात ड्रायव्हरचा. खंडणी तीन कोटी येन. परक्याच्या लेकरासाठी घर गहाण टाकून उभा केलेला पैसा द्यायचा का?

भावाला पहिला तास फार लांबला. सगळं एकाच हॉलमध्ये, नुसतं बोलणं. मला तोच तास सगळ्यात जास्त आवडतो. वहिनीची नजर मात्र कोपऱ्यात मान खाली घालून उभ्या असलेल्या ड्रायव्हरवरून हलली नाही. "त्याला मागताही येत नाही हो," म्हणाली.

हा सिनेमा पूर्वी डीव्हीडीवर पाहिला होता. अंधारातलं सगळं काळं-राखाडी, चेहरे पुसट. आज ब्लू-रेवर कपाळावरचा घाम दिसला. डीव्हीडीवर चित्राला फार तर ५७६ आडव्या ओळी, ब्लू-रेवर १०८०, फरक पडणारच. वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवायला भावाने रिमोट घेतला, मी हातातून काढून घेतला. चित्रच इतकं रुंद आहे की दोन्ही कडांना माणसं उभी आहेत; ताणलं किंवा कापलं तर काय उरणार?

आबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. गाडीच्या प्रसंगाला ते सरळ उठून बसले. बाथरूमची खिडकी फक्त सात सेंटिमीटर उघडते, खंडणीची बॅग तेवढ्यातून फेकायची. आबांनी बोटांनी माप धरलं आणि गाडी पूल ओलांडेपर्यंत ती बोटं तशीच होती.