अंगठाभर चुकलं

बास्केटबॉलपटू स्टीव्ह नॅश फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवर उभा राहिला की आधी बॉलशिवायच नेम धरून बघायचा. बोटं जिभेला लावायची, केस कानामागे सारायचे, रिकाम्या हातानं मनगट झटकायचं. मग रेफ्रीकडून बॉल घ्यायचा. शंभरातले नव्वद आत. पाठ मात्र अशी दुखरी, की खेळातून बाहेर आला की बेंचवर न बसता बाजूला जमिनीवर चक्क आडवा व्हायचा. आडवा पडलेला हा सव्वासहा फुटी पॉइंट गार्ड, म्हणजे संघाच्या चाली रचणारा खेळाडू, माझा लाडका.

१९९६ साली अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या फिनिक्स संघानं नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा तिथल्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. मग डॅलस, आणि २००४ मध्ये पुन्हा फिनिक्स. आदल्या हंगामात हा संघ ८२ पैकी २९ सामने जिंकला होता. तो आल्यावर ६२. नॅश सर्वोत्तम खेळाडू ठरला, माइक डँटोनी सर्वोत्तम कोच. गंमत अशी, की त्या २९ वाल्या हंगामातही डिसेंबरपासून डँटोनीच कोच होता. मग हा गृहस्थ मधल्या सुट्टीत एकदम हुशार झाला की काय? बरं, सगळं श्रेय नॅशला द्यावं, तर ‘सात सेकंदांच्या आत बॉल टाका’ ही पळापळ डँटोनीची, आणि नॅशला मोकळं रान मिळालं ते त्या पळापळीतच. संसार चांगला झाला की पत्रिका कोणाची जोरदार होती, असं विचारण्यातलाच हा प्रकार.

२०२० मध्ये नॅश ब्रुकलिन संघाचा मुख्य कोच झाला. आणि हाताखाली मदतनीस कोण, तर डँटोनी! पहिल्या वर्षी ७२ पैकी ४८ विजय. मग प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, मिलवॉकीशी निर्णायक सातवा सामना. आपल्याकडे जूनमधल्या रविवारची सकाळ, दुधाकडे बघायचं काम माझं. शेवटचा एक सेकंद उरला असताना ब्रुकलिनच्या केव्हिन ड्युरंटनं गर्रकन वळून बॉल टाकला. गेला! तीन गुण, सामना खिशात. पण रीप्लेमध्ये दिसलं, बुटाचं टोक रेषेवर, आणि तीन गुण रेषेच्या पूर्ण बाहेरून टाकलं तरच. दोनच गुण. बरोबरी, जादा वेळ, हार.

‘ड्युरंटला अख्खी ५३ मिनिटं पळवतात होय? या नॅशला काही कळत नाही,’ मी टीव्हीला सांगितलं. त्याला दोन मिनिटं बसवला असता, तर ‘बसवला कशाला?’ असंही मीच म्हटलं असतं. बूट नंबरभर लहान असता तर नॅशच्या शांत डोक्याचं कौतुक करून मी चहा टाकला असता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, सातांपैकी पाच सामने हरल्यावर, नॅशचं कोचपद गेलं. त्याचं निदान हरल्यावर तरी गेलं. टोरांटोच्या कोच ड्वेन केसीनं २०१८ मध्ये ५९ सामने जिंकून दिले. प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडकडून मार खाल्ला म्हणून मे महिन्यात त्याला घरी पाठवलं आणि जूनमध्ये वर्षाचा सर्वोत्तम कोच तोच ठरला. तोवर त्याला डेट्रॉइटची नोकरीही लागली होती.

तर त्या रविवारी, जादा वेळेच्या पाच मिनिटांत, दूध उतू गेलं. ओट्यावरून थेट फरशीपर्यंत. दोन वर्षांत एकदाही सांडलं नव्हतं, हे पुसता पुसता सांगून पाहिलं. गॅस मी पेटवलाच नव्हता, हेही सांगितलं.

‘लक्ष कोणाचं होतं?’ आईनं एवढंच विचारलं.

सोमवारपासून दूध तिच्याकडे गेलं.