पलटणीतलं नाव

गुरुवार हा आमच्याकडचा बाजाराचा दिवस. सकाळच्या एसटीनं खेड्यापाड्यातली माणसं तालुक्याला येतात, आणि त्यांच्यातले फौजेतले म्हातारे, फौजींच्या विधवा बाजार करायच्या आधी आमच्या माजी सैनिकांच्या खोलीवर डोकावतात. व्हरांड्यात माझं टेबल असतं. दहा ते एक. पेन्शनवर आल्यापासून हा नेम मी सोडलेला नाही. फौजेत मी क्लार्क होतो, बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला, त्यामुळे स्पर्शमधला, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेतला घोळ, हयातीचा दाखला, माजी सैनिकांच्या उपचारांसाठीचं ईसीएचएसचं कार्ड अशी कामं माझ्याकडे येतात. नोव्हेंबरात तर रांग लागते. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेत नाही. मग मोबाइलसमोर चेहरा धरायचा आणि डोळे मिटून उघडायचे. त्यात अर्धा दिवस जातो.

त्या गुरुवारी एक वहिनी मुलाला घेऊन आल्या. नवरा जंगी पलटणीतला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधला. १९६७ ला भरती, १९८४ ला पेन्शन, आणि दोन वर्षांपूर्वी वारला. फॅमिली पेन्शन अजून सुरू झालेली नव्हती. मुलानं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम, मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. मी सवयीनं पहिल्यांदा बायकोचं नाव पाहिलं, आणि अडलं कुठे ते लगेच कळलं. आधारवर देवीचं नाव होतं, पीपीओवर नदीचं. स्पेलिंगचा फरक असता तर प्रतिज्ञापत्रावर भागतं. ही दोन वेगळ्याच बायकांची नावं होती.

मुलगा म्हणाला, "साहेब, क्लार्कनं चूक केली असणार. हे नाव आमच्या घरात कुणाचंच नाही."

मला ते लागलं, कारण ते टेबल मी सांभाळलेलं आहे. लग्न करून सुट्टीवरून परतलेला पोरगा समोर उभा राहायचा. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेतली अधिकृत नोंद, निघाल्याशिवाय बायको रेकॉर्डवर येत नाही, आणि रेकॉर्डवर नसली तर उद्या काही बरंवाईट झाल्यावर तिला विचारणारं कुणी नाही. म्हणून मी विचारायचो, "बायकोचं नाव?" पोरगा लाजायचा. काही जण दोन नावं सांगायचे, माहेरचं आणि लग्नात ठेवलेलं. मी म्हणायचो, "एकच सांग, पटकन." शाळेच्या दाखल्यावर कोणतं आहे, पुढे कोणतं चालणार आहे, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्या एका ओळीवर एखाद्या बाईची चाळीस वर्षांनंतरची भाकरी अवलंबून असते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मी वहिनींना पीपीओवरचं नाव वाचून दाखवलं. त्या गप्प झाल्या. पदर तोंडाशी नेला. मग म्हणाल्या, "मेजर, पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"माझंच हाय ते. माहेरचं."

मुलगा बघतच राहिला. त्याला हे नाव ठाऊक नव्हतं, सुनेला नव्हतं, नातवंडांना तर नव्हतंच. १९७० च्या उन्हाळ्यात लग्न झालं, तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, आणि जुनं तिथंच संपलं. आई-बाप गेल्यावर माहेरीही ते कुणी घेईना. "मला लई वाईट वाटलं हुतं तवा," त्या म्हणाल्या. "ह्यांनी इचारलं, काय झालं? म्या सांगितलं. तर म्हणाले, घरात काय बी म्हणू द्यात, पलटणीत मी तुजंच नाव लिवतो. मला वाटलं, समजूत घालायला म्हणत्यात."

पुढच्याच वर्षी डिसेंबरात, १९७१ च्या युद्धात, पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होती. ढाक्याकडे जाणारी वाट अडवून बसली होती. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीच्या कमांडरनं कागदात गोळी गुंडाळून उत्तर दिलं, आणि १० तारखेच्या रात्री त्यांची माणसं वेढा फोडायला धावून आली. आमच्या व्हरांड्यात बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी हे अनेकदा सांगितलंय. वहिनींचा नवरा मात्र घरी काहीच बोलला नव्हता. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी तार आली असती तर ह्या नावानं आली असती. घरात कुणाला कळलं बी नसतं, कुनाची ती."

अपशिंगे मिलिटरी आमच्याच जिल्ह्यातलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. त्यांच्या बायकांची नावं कुणी कुठल्या कागदावर घेतली असतील का, असा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला.

आता कामाचं. सोपी वाट एकच होती: बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहून पलटणीच्या कागदावर आधारचं नाव चढवायचं. बँक, रेशनकार्ड, सातबारा सगळीकडे तेच आहे. मी तसंच सुचवलं. मुलगा हो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "नको. आधारच बदला."

मी समजावलं. नाव पूर्ण बदलायचं म्हणजे राजपत्रात छापून आणावं लागतं, मग आधार, मग पॅन, मग बँकेचं केवायसी. थकबाकी पुढे मिळेल, पण तोवर हातात काही नाही. मुलगा चिडला. माझंही मत मुलाच्याच बाजूनं होतं, आणि वहिवाटीचा क्लार्क म्हणून ते आजही बरोबर वाटतं. पण ज्या माणसानं शब्द दिला आणि सतरा वर्षांच्या नोकरीत एकदाही तो कागद बदलू दिला नाही, त्याचं लिहिलेलं खोडण्यासाठी अर्ज माझ्या हातानं लिहायचा, हे मला जमेना. मी मुलाला बाजूला घेऊन एवढंच म्हणालो, "दर गुरुवारी मी आहे. होईल."

माहेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं निघालं. चौथीपर्यंतची नोंद, वडिलांच्या नावासकट. तो उतारा, भावाचं प्रतिज्ञापत्र, डिस्चार्जच्या वेळचा दोघांचा जोडफोटो. यात तीन महिने गेले. राजपत्र आलं तेव्हा वहिनींनी ते घडी न घालता, वहीत ठेवून नेलं.

परवा आधार केंद्रात मी सोबत होतो. गर्दी होती. खिडकीतल्या पोरानं यादीतलं नाव पुकारलं, नदीचं. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. मुलगा म्हणाला, "आई, तुलाच."

"ऐकलंय रे," त्या म्हणाल्या. "अजून एकदा घेऊ दे त्याला."