चिमूटभर मिठाचा उगम

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करत असतात. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ यापुढे ‘पूर्ण विश्वास न ठेवणे’ असा अर्थ होता आणि खाली लाल शाईने ‘उगम : विषावरचा उतारा’ अशी टीप होती. अर्थ बरोबरच आहे. सांगोवांगीची गोष्ट धुडकावून न लावता, तिच्यातली अतिशयोक्ती वजा करून ती ऐकून घेणे, असा या वाक्प्रचाराचा रोख असतो. टीप मात्र अर्धीच खरी आहे.

पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी याने ‘नॅचरॅलिस हिस्टोरिया’ या आपल्या ग्रंथाच्या तेविसाव्या भागात काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याचा राजा सहावा मिथ्रिडेटीस याच्या उताऱ्याची कृती दिली आहे. या राजाचा पराभव केल्यावर रोमन सेनापती पाँपी याला ती राजाच्याच हस्ताक्षरातल्या टिपणात सापडली, असे प्लिनी सांगतो. दोन सुके अक्रोड, दोन अंजिरे आणि सतापीची वीस पाने एकत्र कुटावीत, त्यात मिठाचा एक कण घालावा आणि हे मिश्रण उपाशीपोटी घ्यावे, म्हणजे त्या दिवशी कोणतेही विष बाधत नाही. या मजकुरात संशयाचा मागमूसही नाही; वाटणात आपण मिठाचा खडा टाकतो, तितक्याच सरळपणे ते मीठ तिथे आले आहे.

अविश्वासाची छटा इंग्रजीत दिसते ती थेट सतराव्या शतकात. १६४७ मध्ये जॉन ट्रॅप या इंग्रज धर्मोपदेशकाच्या बायबलवरील भाष्यात हा प्रयोग आढळतो. मिठाला लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणत आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ चातुर्य असा होता, त्यामुळे ‘थोडी अक्कल वापरून ऐका’ हा अर्थ त्यात मुरला असावा, हे मला विषाच्या कथेपेक्षा अधिक पटते. आपल्याकडे तिखटमीठ लावतो तो सांगणारा. इंग्रजीत मात्र चिमूट ऐकणाऱ्याच्या हाती असते, आणि हा फरक ध्यानात ठेवला की मुलांना अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही.

याच याद्यांमध्ये ‘वर्थ वन्स सॉल्ट’ म्हणजे आपल्या पगाराला जागणारा, कारण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे, असेही ठामपणे छापलेले असते. ‘सॅलरी’ हा शब्द ‘सालारियम’ या लॅटिन शब्दावरून आला आणि त्याचे नाते मिठाशी आहे, एवढे निश्चित. पण सैनिकांच्या ओंजळीत पगाराऐवजी मीठ घातले जाई, असे एकही प्राचीन रोमन लेखक सांगत नाही. त्यांचा पगार नाण्यांत होत असे.