बुंदीची शू-शी डायरी : रेतीपासून गवतापर्यंत

जूनअखेर

बुंदी म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू. गावठी आहे, मादी, अंगावर तांबूस ठिपके. घरी आली तेव्हा डॉक्टरांनी दात बघून आठ-नऊ आठवड्यांची असेल म्हणून सांगितलं. आमच्या मागच्या गल्लीत इमारतीचं काम चालू आहे, तिथल्या रेतीच्या ढिगावर ती जन्मली आणि तिथेच वाढली. ही रेती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आम्ही डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावर राहतो, आणि पाऊस नुकताच लागलाय. पिल्लाला शू-शीची सवय लावायला याहून गैरसोयीचा मुहूर्त शोधून सापडला नसता.

आल्या आल्या तिने शू कुठे केली त्याची यादी: दारातलं काथ्याचं पायपुसणं, आईंची गोधडी, तुळशीच्या कुंडीखाली सांडलेली माती, परत पायपुसणं. (आई म्हणजे सासूबाई. या डायरीत त्या बऱ्याचदा येतील.) उघड्या फरशीवर जवळजवळ नाहीच. एवढी मोकळी फरशी सोडून ही नेमकी पायपुसणंच का शोधते, यावर घरात तर्क सुरू झाले. नवऱ्याचं मत पडलं की ती मुद्दाम करते. मला वाटलं, तिचे पाय काहीतरी शोधतायत.

पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं होईपर्यंत आई चाटते तेव्हाच त्याला शू-शी होते, आणि आईच ते साफ करते. त्यानंतर पिल्लं स्वतःहून झोपायच्या जागेपासून लांब सरकून उरकायला लागतात, आणि आठ-नऊ आठवड्यांपर्यंत पायाखाली काय असलं की मोकळं व्हायचं याची आवड पक्की होत जाते. गवतावर वाढलेल्याला गवत लागतं, सिमेंटवर वाढलेल्याला सिमेंट. घराच्या आत आणि घराच्या बाहेर ही विभागणी आपण केलेली, पिल्लाच्या गावी ती नसते. बुंदीला भुसभुशीत, पाणी शोषणारं, पंजाने उकरता येईल असं काही हवं होतं. आमच्या घरात त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू काथ्याचं पायपुसणं.

म्हणून पहिल्यांदा पायपुसणी, सतरंज्या, गोधड्या, सगळं उचलून माळ्यावर टाकलं. दुकानात मिळणारे पी पॅड आणले नाहीत. अनेकांचं त्यावर छान चालतं हे माहीत आहे, पण मऊ कापडासारख्या चौकोनावर शू करायची असते असं आज शिकवायचं आणि उद्या बिछान्यावरून हाकलायचं, हे मला पटत नाही. बाथरूमचा पर्यायही बाद केला. फ्लॅटमधले बरेच लोक मोरीत किंवा बाथरूममध्येच सवय लावतात, धुवायला सोपं पडतं. पण आमच्या बाथरूमची फरशी आणि हॉलची फरशी पायांना सारखीच लागते. आज ती हॉलची फरशी टाळतेय, तर टाळू दे की.

मोठ्या कुंड्यांखाली ठेवतात तसला रुंद प्लास्टिकचा ट्रे आणला, गॅलरीत पागोळ्या पोचणार नाहीत अशा कोपऱ्यात ठेवला आणि त्याच बांधकामावरून वॉचमनकाकांना सांगून पिशवीभर रेती मागवली. बुंदीने वास घेतला, दोनदा उकरलं आणि बसली. शिकवावं लागलंच नाही.

जुलै, पहिला पंधरवडा

रेती आवडते म्हणून ती हॉलच्या दुसऱ्या टोकावरून धावत ट्रेकडे जाईल, ही अपेक्षा या वयात चुकीची. मूत्राशयावर ताबाच नसतो. ठोकताळा असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तितके तास पिल्लू फार तर धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. हा आकडा शांत पडलेल्या पिल्लाचा. खेळात असेल तर अर्ध्या तासातही होते. झोपेत मात्र बराच वेळ निभतं.

म्हणून घड्याळापेक्षा प्रसंग धरले. झोपेतून उठली की ट्रे. पाणी प्यायली की थोड्या वेळाने ट्रे. दोरीची ओढाओढ मध्येच थांबवून ट्रे. जेवल्यावर तर हमखास, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं आणि पाच ते तीस मिनिटांत शी येते. त्यासाठी जेवणाच्या वेळा ठरलेल्या हव्यात. दिवसभर भरलेला वाडगा समोर ठेवला तर शी कधी येणार हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आमच्या घरातल्या खऱ्या तज्ज्ञ आई निघाल्या. त्या हॉलमध्ये भाजी निवडत बसलेल्या असतात आणि बुंदी त्यांच्या टप्प्यात. खेळता खेळता एकदम थांबणं, नाक जमिनीला लावून चालणं, मग गोल गोल फिरणं, हे माझ्याआधी त्यांना दिसतं. ‘अगं, फिरायला लागली बघ!’ अशी हाक आली की हातातलं टाकून पळायचं.

गोल फिरण्यावरून आठवलं. २०१३ साली संशोधकांच्या एका गटाने ७० कुत्र्यांच्या नोंदी ठेवून असं मांडलं होतं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र स्थिर असेल तेव्हा कुत्री शी करताना उत्तर-दक्षिण रेषेत बसणं पसंत करतात. त्याला २०१४ चं इग नोबेलही (गमतीदार वाटणाऱ्या संशोधनासाठीचं बक्षीस) मिळालं. बुंदी आमच्या गॅलरीत जागा मिळेल तशी बसते.

आईंचं दुसरं योगदान आवाजाचं. नातवंडांना मोरीवर धरताना त्या जो ‘शूऽऽ’ करायच्या, तोच त्यांनी बुंदीला लावला. मी एवढीच विनंती केली की ती बसल्यावर, धार सुरू झाल्यावर काढा, आधी नको. आवाज आणि क्रिया एकत्र घडत गेली की जोडी जमते, आणि मग नुसत्या आवाजावर पिल्लू बसायला लागतं. आधीपासूनच शूऽऽ शूऽऽ चालू ठेवलं तर तो तिच्यासाठी पावसासारखाच एक आवाज होऊन जातो.

बक्षीस म्हणजे उकडलेल्या चिकनचा मटाराएवढा तुकडा. सोमवारी-गुरुवारी घरात चिकन नसतं, तेव्हा पनीर. तुकडा ट्रेपाशीच द्यायचा, धार संपल्या संपल्या. आत येऊन फ्रीज उघडेपर्यंत तिच्या लेखी तो फ्रीजपाशी आल्याचा खाऊ होतो. आणि काम झालं की लगेच आत ओढायचं नाही, गॅलरीत थोडं खेळू द्यायचं. नाहीतर शू केली की मजा संपते हे पिल्लू फार पटकन शिकतं आणि धरून ठेवायला लागतं.

जुलैचाच, पण वेगळा मुद्दा

आत शू झाली की काय करायचं, यावर आमच्याकडे दोन पक्ष होते. नवऱ्याच्या लहानपणी गावी कुत्र्याचं नाक त्यात घासायचे आणि गुंडाळलेला पेपर आपटायचे. त्याने कुत्रं काय शिकतं याचा विचार करा. माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे, हे शिकतं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि पट्टा बांधून खाली नेलं तर तुमच्यासमोर बसतच नाही.

‘पण तिला कळतं, बघ कसं तोंड केलंय,’ हे वाक्य प्रत्येक घरात असतंच. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, आणि काहीही न केलेल्या कुत्र्याला ओरडा बसला तेव्हा तर जास्तच. नवऱ्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘म्हणजे माझ्यासारखंच.’ तेव्हापासून तो आमच्या पक्षात.

समोरासमोर सापडली तर हलकेच ‘अगं अगं’ म्हणून उचलायचं आणि ट्रेवर ठेवायचं. तिथे उरलेली चार थेंबं पडली तरी तुकडा मिळतो. मागाहून सापडलं तर गुपचूप पुसायचं.

पुसण्याबद्दल: साबणपाणी आणि फिनेलने आपल्या नाकाचं समाधान होतं, तिच्या नाकाचं नाही. वास उरला की ती जागा ठरून जाते. अमोनियावालं क्लीनर तर नकोच, लघवीतही तोच वास असतो. आम्ही आधी रद्दी पेपरने टिपून घेतो आणि मग एन्झाइमवालं क्लीनर ओतून थोडा वेळ तसंच ठेवतो. लगेच पुसलं तर उपयोग नाही, एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. फर्निचरच्या पायांपाशी फरशीच्या सांध्यांत मुरतं, तिथे दोनदा.

जुलैअखेर

आता रेतीवरून गवतावर. ट्रेच्या एका बाजूला नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा ठेवला. सुरुवातीला तिने त्याच्याकडे फक्त खाण्याची वस्तू म्हणून बघितलं. मग तिने वापरलेली चिमूटभर रेती गवतावर भुरभुरवली, आणि दर आठवड्याला रेतीचा भाग आक्रसत नेला. मध्ये एकदा घाई झाली, रेती एकदम कमी झाली, तर बाईसाहेब परत पायपुसण्याच्या शोधात. चार दिवस रेती वाढवली, गाडी रुळावर आली. पावसाळ्यात रेती वाळत नाही आणि दमट रेती लवकर घाण वास मारते, त्यामुळे बदलत राहणं भाग आहे.

रात्री ती आमच्या खाटेशेजारी जाळीच्या कुंपणात झोपते. जागा तिला वळता येईल एवढीच. झोपायची जागा पिल्लू सहसा खराब करत नाही, पण कुंपण ऐसपैस असेल तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शौचालय अशी सोय ते करून घेतं. कुणकुण ऐकू आली की उठायचं, दिवा न लावता ट्रेवर न्यायचं, न बोलता परत आणायचं. मध्यरात्री लाड केलेत तर ती लाडांसाठी उठवेल.

ऑगस्ट

सगळं सुरळीत चाललेलं असताना अचानक हॉलभर थेंब थेंब. दर दहा मिनिटांनी बसायची, जोर करायची, येईना, मग तिथेच चाटत राहायची. हे शिक्षणाचं प्रकरण नाही. शिकलेलं पिल्लू असं एकाएकी बिघडलं तर आधी लघवी तपासा, मादी पिल्लांत संसर्ग होतोच. नमुना घ्यायला श्रीखंडाच्या डब्याचं झाकण उत्तम: उथळ असतं, ती बसल्यावर मागून सरकवता येतं. आमच्या रिपोर्टात संसर्ग निघाला, औषधाचा कोर्स झाला आणि थेंब थांबले.

लसींचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर झाला आणि डॉक्टरांनी खाली न्यायला परवानगी दिली. तोवर ती सोसायटीत कडेवरूनच हिंडत होती. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे इतर कुत्री जातात त्या जमिनीवर अर्धवट लसीकरणाचं पिल्लू सोडायची माझी छाती नव्हती. आताही साचलेल्या पाण्यापासून लांबच. उंदरांच्या मुतातून लेप्टो हा जिवाणूंचा आजार पसरतो आणि या दिवसांत तो जोरात असतो.

खालचं गवत ओलं, वरून पाऊस, आणि बुंदीचा चेहरा ‘इथे?’ असा. पावसाने आधीच्या कुत्र्यांचे वासही धुऊन जातात, त्यामुळे इथे बसायचं असतं ही खूणच उरत नाही. उपाय पुन्हा तोच: वरच्या ट्रेतलं थोडं कागदात बांधून खाली आणायचं, पंपरूमच्या पत्र्याखालच्या कोरड्यातल्या कोरड्या गवतावर टाकायचं, छत्री धरून उभं राहायचं आणि आईंचा शूऽऽ. बसली. त्या भर पावसात चिकन खिशातून काढताना मला कोणी बघितलं असेल तर असो.

शी उचलायची पिशवी नेहमी बरोबर असते. लिफ्टवरून एकाने कुरकुर केली. २०१५ च्या भारतीय पशु कल्याण मंडळाच्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, पण मी तो कागद दाखवला नाही. लिफ्टमध्ये तिला उचलून घेते. इवलंसं मूत्राशय चार मजले उतरेपर्यंत निभावायला त्याची मदतच होते, उचललेलं पिल्लू सहसा शू करत नाही.

गणपती

पाहुणे आले की शू. प्रत्येक नव्या माणसासमोर कान मागे, पोट वर आणि खाली थारोळं. हा शिस्तीचा भाग नाही. उत्साहाने किंवा समोरच्याला ‘मी लहान आहे, सोड मला’ सांगताना होते ती, तिच्या हातातच नसते. रागावलात तर वाढते. दारावरच सगळ्यांना सांगून टाकलं: तिच्याकडे बघू नका, वाकून डोक्यावर हात ठेवू नका, बसा, ती येईल. मोठ्यांनी ऐकलं नाही, मुलांनी ऐकलं. मुलांसमोर ती कोरडी राहिली. आरतीच्या झांजांच्या वेळी ती आणि मी गॅलरीत.

आता, नवरात्र

बुंदीच्या वयाला पाच महिने उलटून गेलेत. ट्रेमध्ये आता सगळं गवत आहे, आणि तो फक्त धो धो पावसासाठी आणि पहाटेसाठी उरलाय. बाकी सगळं खाली. गॅलरीच्या दाराशी जाऊन माझ्याकडे वळून बघणं हा तिने स्वतः बसवलेला इशारा. घंटी लावायचा विचार होता, पण आई घरात असताना घंटीची गरज नाही. एक गोधडी परत खाली काढलीय, पायपुसणं अजून माळ्यावरच.

दिवाळीत गावी जायचंय, आणि तिथल्या मागच्या पडवीची जमीन अजून शेणाने सारवलेली आहे. पायांना ती मातीच लागणार, आणि ती आहे घराच्या आत. सध्या ठरवलंय ते असं: गाडीतून उतरल्यावर पट्ट्यावरूनच थेट मागच्या आंब्याखाली, तिथे काम झालं की खाऊ, आणि पहिले काही दिवस पडवीचं दार बंद. ट्रेमधल्या गवताचा तुकडाही बरोबर नेणार आहे. सारवलेल्या घरात कोणी पिल्लू वाढवलं असेल तर तुमचं कसं जमलं ते नक्की सांगा, निघायला अजून थोडे दिवस आहेत.